विनंती एचटीटीपीएसवरून आली की साध्या एचटीटीपीवरून? सर्व्हरवरच्या स्क्रिप्टने ते नेमकं कसं ओळखायचं

आंब्याचा हंगाम तोंडावर आला की देवगड-रत्नागिरीकडच्या पेट्या विकणाऱ्या साइट्सवर तीन तक्रारी हमखास येतात. पहिली, पान उघडतच नाही. ब्राउझर म्हणतो, ‘टू मेनी रीडायरेक्ट्स’ (रीडायरेक्ट म्हणजे ‘दुसऱ्या पत्त्यावर जा’ असं सांगणारं उत्तर). दुसरी, पान उघडतं, पण फोटो गायब आणि कुलपाच्या जागी इशारा. तिसरी सगळ्यात महाग: गिऱ्हाइकाचे पैसे कापले गेले, पेमेंट गेटवे ‘सक्सेस’ दाखवतो आणि साइटवर ऑर्डर ‘पेंडिंग’. तारकर्ली-गुहागरच्या होम-स्टे बुकिंगवाल्यांकडे हेच मे महिन्यात आणि गणपतीच्या आधी होतं.

तिन्हींचं मूळ बऱ्याचदा एकच निघतं. आलेली विनंती सुरक्षित, म्हणजे एचटीटीपीएसच्या एन्क्रिप्टेड (वाटेत कुणाला वाचता न येणाऱ्या) जोडणीने आलेली आहे की नाही, हे स्क्रिप्टने चुकीचं ओळखलेलं असतं. नेटवरून उचललेल्या दोन ओळी टाकून हे काम उरकतात आणि होस्टिंग बदललं की सगळं कोलमडतं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने करा. क्रम बदलला की घोळ वाढतो.

उदाहरणं मुख्यतः पीएचपीची आहेत, इतर फ्रेमवर्कांचं पाचव्या पायरीत आहे. व्हेरिएबलांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. फाइलीत ती रोमन अक्षरांत, अंडरस्कोअर जिथे दाखवलाय तिथेच ठेवून लिहायची: पीएचपीच्या सर्व्हर ॲरेतल्या (विनंतीची माहिती असलेल्या यादीतल्या) नोंदी मोठ्या अक्षरांत, एनजिनएक्सची नावं लहान अक्षरांत.

## पायरी १ : विनंतीची वाट कागदावर काढा

कोडला हात लावण्याआधी कागद घ्या आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलपासून तुमच्या स्क्रिप्टपर्यंत किती टप्पे आहेत ते लिहा.

मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणारा माणूस धक्क्यापर्यंत एसटीने आला असेल, स्वतःच्या गाडीने किंवा चालत आला असेल. पुढे मात्र होडीच. किल्ल्याच्या दारात उभ्या असलेल्याला विचारलं, ‘हा कशाने आला?’, तर तो प्रत्येकाबद्दल ‘होडीने’ म्हणणार. तो खोटं बोलत नाही, त्याला शेवटचा टप्पाच दिसतो. तुमची स्क्रिप्ट म्हणजे तो दारावरचा माणूस. धक्क्यापर्यंतचा प्रवास कसा झाला हे होडीवाल्याने चिठ्ठीत लिहून दिलं तरच कळणार, आणि चिठ्ठी होडीवाल्यानेच लिहिली की प्रवाशाने स्वतः खिशातून काढली, हेही बघावं लागणार.

प्रत्यक्षात वाट साधारण या तीनपैकी एक असते:

१. सरळ जोडणी. साधं शेअर्ड होस्टिंग. अपाची हा वेब सर्व्हर स्वतःच एन्क्रिप्शन उघडतो आणि स्क्रिप्ट चालवतो.

२. एकाच मशीनवर पुढे एनजिनएक्स (हाही वेब सर्व्हर), मागे अपाची किंवा नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा). एन्क्रिप्शन एनजिनएक्सपाशी उघडतं. मागे ८०८० किंवा ३००० पोर्टवर साधं एचटीटीपी.

३. पुढे क्लाउडफ्लेअरसारखं सीडीएन (तुमची पानं ठिकठिकाणच्या सर्व्हरांवरून देणारी सेवा) किंवा लोड बॅलन्सर (विनंत्या सर्व्हरांत वाटून देणारा). एन्क्रिप्शन तिथे उघडतं. पुढचा टप्पा पुन्हा एन्क्रिप्टेड आहे की नाही, ते सेटिंगवर ठरतं.

दुसरा आणि तिसरा प्रकार एकत्रही असतात. प्रत्येक टप्प्यापुढे दोन गोष्टी लिहा: तो एन्क्रिप्टेड आहे का, आणि पुढच्याला तो कोणत्या आयपी पत्त्यावरून दिसतो.

आता कागद खरा की खोटा ते तपासा. सहज सुचणार नाही अशा नावाची एक छोटी फाइल करा आणि तिच्यात सर्व्हर ॲरेतल्या एवढ्याच नोंदी छापा: ‘एचटीटीपीएस’, ‘रिक्वेस्ट_स्कीम’, ‘सर्व्हर_पोर्ट’, ‘रिमोट_एडीडीआर’, ‘एचटीटीपी_एक्स_फॉरवर्डेड_प्रोटो’, ‘एचटीटीपी_फॉरवर्डेड’ आणि क्लाउडफ्लेअर असेल तर ‘एचटीटीपी_सीएफ_व्हिजिटर’. ही फाइल एकदा एचटीटीपीवरून, एकदा एचटीटीपीएसवरून उघडा आणि दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवा.

सावधान : आधीपासून रीडायरेक्ट चालू असेल तर एचटीटीपीचं वाचन मिळणारच नाही, दोन्ही वेळा एचटीटीपीएसच दिसेल. या एका फाइलीपुरता रीडायरेक्ट वगळा. काम झालं की फाइल लगेच काढून टाका. ‘पीएचपीइन्फो’ची अख्खी पानं सर्व्हरवर वर्षानुवर्षं पडून असतात, तुमची त्यांत भर नको.

तपासणी : दोन वाचनांमध्ये जी नोंद बदलली, तीच तुमच्या कामाची. एकही बदलली नसेल तर होडीवाला चिठ्ठीच देत नाहीये. मग थेट तिसऱ्या पायरीवर जा. स्क्रिप्टमध्ये कितीही डोकं लढवलं तरी उपयोग नाही.

## पायरी २ : सरळ जोडणी असेल तर

इथे ‘एचटीटीपीएस’ ही एकच नोंद पुरते, पण ती वाचण्यातही लोक चुकतात.

नोंद ‘आहे का’ एवढंच बघू नका. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस सर्व्हरच्या काही मांडणीत साध्या जोडणीवरही ही नोंद असते आणि तिची किंमत ‘ऑफ’ असते, म्हणजे असुरक्षित विनंती सुरक्षित ठरते. उलट, किंमत फक्त ‘ऑन’शी ताडून पाहिली तर जिथे ती ‘१’ येते तिथे सुरक्षित विनंती असुरक्षित ठरते. म्हणून नियम असा: नोंद रिकामी नसावी, आणि लहान अक्षरांत रूपांतर केल्यावर ती ‘ऑफ’ नसावी.

आता न करायच्या गोष्टी.

‘सर्व्हर_प्रोटोकॉल’मध्ये एचटीटीपीएस शोधणं. नावामुळे भल्याभल्यांची फसगत होते. या नोंदीत ‘एचटीटीपी/१.१’ किंवा ‘एचटीटीपी/२.०’ अशी आवृत्ती असते. जोडणी एन्क्रिप्टेड असली तरी त्यात शेवटचा ‘एस’ येत नाही, त्यामुळे ही तपासणी कायम ‘असुरक्षित’च सांगते.

पोर्ट ४४३ आहे का एवढंच बघणं. पीएचपीत पोर्टची नोंद मजकूर म्हणून येते. तिहेरी बरोबरचिन्हाने ४४३ या आकड्याशी तुलना केली तर ती कधीच जुळणार नाही. शिवाय एचटीटीपीएस ८४४३ वरही चालू शकतं. आणि अपाचीत ‘यूजकॅनॉनिकलनेम’ व ‘यूजकॅनॉनिकलफिजिकलपोर्ट’ ही दोन्ही सेटिंगं चालू नसतील तर हा आकडा ब्राउझरने पाठवलेल्या होस्ट हेडरमधून (हेडर म्हणजे विनंतीसोबत येणारी माहितीची ओळ) येऊ शकतो, म्हणजे समोरचा सांगेल तो.

‘एचटीटीपी_एचटीटीपीएस’ ही नोंद वाचणं. ‘एचटीटीपी_’ने सुरू होणारी नोंद विनंतीच्या हेडरमधून येते, हे पक्कं डोक्यात बसवा. गिऱ्हाइकाच्या ब्राउझरने ‘एचटीटीपीएस’ नावाचा हेडर पाठवला की ती तयार होते. खऱ्या ‘एचटीटीपीएस’ नोंदीला मात्र त्याचा धक्का लागत नाही. २०१५मध्ये क्रोमची ४४वी आवृत्ती प्रत्येक विनंतीसोबत असा हेडर पाठवू लागली आणि ही नोंद मानणारी दुकानं साध्या जोडणीवरही स्वतःला सुरक्षित समजून एचटीटीपीएसचे दुवे छापू लागली. तो हेडर पुढे बदलला. जुन्या प्लगिनांतल्या त्या ओळी अजून सापडतात.

‘रिक्वेस्ट_स्कीम’ अपाची २.४ आणि एनजिनएक्सच्या नेहमीच्या मांडणीत मिळते. जोडीला ठीक, पण एकट्या तिच्यावर भिस्त नको. सगळे सर्व्हर ती देत नाहीत.

## पायरी ३ : मध्ये प्रॉक्सी असेल तर आधी प्रॉक्सी सुधारा

प्रॉक्सी म्हणजे मध्ये उभा राहून विनंती पुढे देणारा: एनजिनएक्स, सीडीएन किंवा लोड बॅलन्सर. आपला होडीवाला तोच. इथे चिठ्ठी म्हणजे ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ हा हेडर. आरएफसी ७२३९ या इंटरनेटच्या मानकाने २०१४मध्ये ‘फॉरवर्डेड’ हा प्रमाणित हेडर दिला आहे, पण रोजच्या व्यवहारात जुनाच जास्त भेटतो.

एनजिनएक्समागे अपाची किंवा नोड असेल तर ‘प्रॉक्सी_सेट_हेडर’ने या हेडरमध्ये ‘डॉलर स्कीम’ भरा (‘डॉलर’ म्हणजे नावाआधीचं $ हे चिन्ह). याने बाहेरून आलेली त्याच नावाची चिठ्ठी पुसली जाऊन एनजिनएक्सची स्वतःची चिठ्ठी लागते. ही पुसापुशीच महत्त्वाची आहे.

एनजिनएक्स विनंती थेट पीएचपी-एफपीएमला (पीएचपी चालवणाऱ्या सेवेला) देत असेल तर हेडरची भानगडच नाही. ‘फास्टसीजीआय_पॅराम’ने ‘एचटीटीपीएस’ नोंदीत ‘डॉलर एचटीटीपीएस’ द्या, शेवटी ‘इफ_नॉट_एम्प्टी’ लावा. त्या जागी थेट ‘ऑन’ लिहून ठेवलेली फाइल पोर्ट ८०च्या ब्लॉकमध्येही इन्क्लूड झाली की साधी विनंतीही सुरक्षित ठरते. कॉपी-पेस्टमधून होणारी ही नेहमीची चूक.

दोन एनजिनएक्स एकामागे एक असतील तर आतला एनजिनएक्सही ‘डॉलर स्कीम’ भरतो. त्याला आलेली विनंती साधी असते, म्हणून बाहेरच्याने लिहिलेलं ‘एचटीटीपीएस’ पुसून तो ‘एचटीटीपी’ लिहितो. होडी बदलली आणि दुसऱ्या होडीवाल्याने चिठ्ठी खोडली, असा प्रकार. आतल्याला आलेली चिठ्ठी तशीच पुढे द्यायला सांगा, मात्र तो फक्त बाहेरच्या एनजिनएक्सकडूनच जोडणी घेतो याची खात्री करून.

क्लाउडफ्लेअर असेल तर आधी एसएसएलचा मोड बघा. ‘फ्लेक्सिबल’ मोडमध्ये गिऱ्हाईक ते क्लाउडफ्लेअर एन्क्रिप्टेड आणि क्लाउडफ्लेअर ते तुमचा सर्व्हर साधं एचटीटीपी. तुमची स्क्रिप्ट म्हणते, ‘ही विनंती साधी, एचटीटीपीएसवर जा.’ ब्राउझर तर आधीच एचटीटीपीएसवर असतो; तो पुन्हा तोच पत्ता मागतो, क्लाउडफ्लेअर पुन्हा साध्या जोडणीने येतं, स्क्रिप्ट पुन्हा तेच म्हणते. सुरुवातीला सांगितलेली ‘टू मेनी रीडायरेक्ट्स’ची तक्रार म्हणजे हेच चक्र. विनंती साधी समजल्यामुळे फोटोंचे दुवेही साध्या एचटीटीपीने छापले जातात; दुसरी तक्रार ती.

चक्र तोडायला स्क्रिप्टने चिठ्ठी वाचली तरी भागतं, पण पैसे किंवा पत्ते घेणाऱ्या साइटला फ्लेक्सिबल मोड नकोच. गिऱ्हाइकाला कुलूप दिसतं आणि त्याची माहिती अर्धी वाट उघडी जाते. सर्व्हरवर प्रमाणपत्र बसवा आणि ‘फुल (स्ट्रिक्ट)’ करा.

तपासणी : पहिल्या पायरीतली फाइल पुन्हा चालवा. एचटीटीपीएसवर चिठ्ठीत ‘एचटीटीपीएस’ आणि एचटीटीपीवर ‘एचटीटीपी’ दिसलं पाहिजे. ‘एचटीटीपीएस, एचटीटीपी’ अशी स्वल्पविरामाची जोडी दिसली तर दोन प्रॉक्सी एकाच चिठ्ठीवर लिहितायत. त्यातलं डावीकडचं घ्यावं की उजवीकडचं, हा अंदाज स्क्रिप्टने करू नये. बाहेरच्या प्रॉक्सीने जुनं पुसून नवं लिहावं आणि आतल्याने ते तसंच पुढे द्यावं, एवढीच दुरुस्ती करा.

## पायरी ४ : चिठ्ठी कुणाची मानायची ते ठरवा

बहुतेक लेख इथे थांबतात: हेडर वाचा, ‘एचटीटीपीएस’ असेल तर खरं माना. पण हा हेडर कुणीही पाठवू शकतो.

खोटी चिठ्ठी पाठवून कुणाला काय मिळणार, असं वाटेल. उलट बाजूने विचार करा. साइटवर पानांचं कॅशिंग आहे, म्हणजे एकदा दिलेलं उत्तर साठवून तेच पुढच्यांना दिलं जातं. एकाने एचटीटीपीएसवर येऊन मुद्दाम ‘एचटीटीपी’ लिहिलेली चिठ्ठी दिली. स्क्रिप्टने त्याला एचटीटीपीएसवर जायचा रीडायरेक्ट दिला आणि तो रीडायरेक्ट कॅशमध्ये बसला. आता मुखपृष्ठ मागणाऱ्या प्रत्येकाला त्याच पत्त्यावर जायचा रीडायरेक्ट मिळतो. पासवर्ड न तोडता, सर्व्हरमध्ये न शिरता, एका विनंतीत दुकान बंद, कॅशची मुदत संपेपर्यंत.

म्हणून विनंती ज्या पत्त्यावरून आली तो तुमच्या प्रॉक्सीचा असेल तरच चिठ्ठी वाचा. पत्ता ‘रिमोट_एडीडीआर’मध्ये मिळतो. प्रॉक्सी त्याच मशीनवर असेल तर यादीत १२७.०.०.१ आणि आयपीव्ही६चा स्थानिक पत्ता. क्लाउडफ्लेअर असेल तर त्यांनी जाहीर केलेल्या आयपी श्रेणी. या श्रेणी बदलू शकतात, तेव्हा यादी कॉन्फिग फाइलीत ठेवा. शक्य असेल तर फायरवॉलवरच ८० आणि ४४३ फक्त या श्रेणींना उघडे ठेवा. मग मागच्या दाराने कुणी येणारच नाही.

सावधान : गिऱ्हाइकाचा खरा आयपी लॉगमध्ये दिसावा म्हणून अपाचीचं ‘रिमोटआयपी’ किंवा एनजिनएक्सचं ‘रिअलआयपी’ मोड्यूल लावलेलं असतं. ते ‘रिमोट_एडीडीआर’ बदलून त्यात गिऱ्हाइकाचा पत्ता घालतं. मग तुमची यादीशी तुलना कधीच जुळत नाही आणि प्रत्येक विनंती असुरक्षित ठरते. असं असेल तर विश्वासाची तपासणी सर्व्हरच्या पातळीवरच उरका. एनजिनएक्समध्ये मूळ पत्ता ‘रिअलआयपी_रिमोट_एडीडीआर’ या व्हेरिएबलात शिल्लक असतो.

## पायरी ५ : एकच फंक्शन लिहा आणि सगळीकडे तेच वापरा

वेगवेगळ्या दहा फाइलींत दहा तपासण्या नकोत. फंक्शन एकच, आणि त्यातला क्रम असा:

१. स्क्रिप्ट कमांड लाइनवरून चालत असेल तर कॉन्फिगमधला ठरलेला पत्ता बघा आणि थांबा.

२. विनंती विश्वासू प्रॉक्सीकडून आली आहे का? आली असेल तर निकाल फक्त चिठ्ठीवर: आजूबाजूची स्पेस काढून, लहान अक्षरांत, तंतोतंत ‘एचटीटीपीएस’ असेल तर सुरक्षित, बाकी काहीही असो, असुरक्षित. चिठ्ठीच नसेल तर लॉगमध्ये नोंद टाका.

३. प्रॉक्सीकडून आली नसेल तर चिठ्ठीकडे ढुंकूनही पाहू नका. दुसऱ्या पायरीतला ‘एचटीटीपीएस’ नोंदीचा नियम लावा.

नेटवरच्या नमुन्यांत हा क्रम सहसा उलटा असतो: आधी ‘एचटीटीपीएस’ नोंद, मग हेडर. प्रॉक्सी मागच्या सर्व्हरशी कायम एन्क्रिप्टेड बोलत असेल, तर त्या क्रमाने साध्या एचटीटीपीने आलेलं गिऱ्हाईकसुद्धा सुरक्षित ठरतं. किल्ल्यावरची होडी पक्की असली म्हणून धक्क्यापर्यंतचा रस्ता पक्का होत नाही.

फ्रेमवर्क वापरत असाल तर स्वतःचं फंक्शन लिहू नका, त्याचं सेटिंग भरा. एक्सप्रेसमध्ये ‘ट्रस्ट प्रॉक्सी’ मुळात बंद असतं. त्यात प्रॉक्सींची संख्या किंवा पत्ते द्या, सरसकट ‘ट्रू’ नको. मग ‘रिक्वेस्ट’चं ‘सिक्युअर’ बरोबर उत्तर देतं. जँगोमध्ये ‘सिक्युअर_प्रॉक्सी_एसएसएल_हेडर’ भरा, पण जँगो पाठवणाऱ्याचा पत्ता तपासत नाही. बाहेरची चिठ्ठी पुसणं प्रॉक्सीवरच आहे. फ्लास्कला ‘प्रॉक्सीफिक्स’, लारावेलला ‘ट्रस्टप्रॉक्सीज’.

वर्डप्रेसचं ‘इज_एसएसएल’ फक्त ‘एचटीटीपीएस’ नोंद आणि पोर्ट ४४३ बघतं, चिठ्ठी वाचतच नाही. प्रॉक्सीमागे असाल तर ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ फाइलीत वरच्या क्रमाने तपासून ‘एचटीटीपीएस’ नोंदीत ‘ऑन’ भरा. हे ‘डब्ल्यूपी-सेटिंग्ज’ लोड करणाऱ्या ओळीच्या वर हवं. खाली टाकलं तर काहीच फरक पडत नाही, आणि निम्मी माणसं खालीच टाकतात.

## पायरी ६ : मगच रीडायरेक्ट, कुकी आणि एचएसटीएस

रीडायरेक्ट शक्यतो अपाची-एनजिनएक्सवरच करा. पहिले दोन-तीन दिवस ३०२ (तात्पुरता रीडायरेक्ट) ठेवा. ३०१ (कायमचा रीडायरेक्ट) ब्राउझर लक्षात ठेवतो आणि चूक झाली तर ती गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये राहून जाते. पोर्ट ८० मात्र बंद करू नका: लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेची प्रमाणपत्रं एचटीटीपी-०१ पद्धतीने नवी करताना तपासणी तिथूनच सुरू होते.

आता ती ‘पेंडिंग’ ऑर्डर. गेटवेच्या पॅनेलमध्ये वेबहुकचा (पैसे आल्याचा निरोप जिथे पाठवायचा तो) पत्ता जुना, ‘एचटीटीपी’ने सुरू होणारा राहिलेला असतो. गेटवे पोस्टने निरोप पाठवतो, तुमचा सर्व्हर ३०१ देतो. काही जण रीडायरेक्टच्या मागे जातच नाहीत. जे जातात, त्यांच्याकडून बऱ्याचदा पोस्टचं (माहिती पाठवण्याचं) गेट (नुसतं पान मागणं) होऊन आतली माहिती गळून पडते. ३०८ हा रीडायरेक्ट पोस्टचं गेट करत नाही, पण खरा उपाय पॅनेलमध्ये एचटीटीपीएसचा पत्ता घालणं हाच.

दुसरं कारण कुकीचं. गेटवेकडून गिऱ्हाईक पोस्टने परत येतं, तेव्हा ‘सेमसाइट’ (दुसऱ्या साइटवरून येताना कुकी पाठवायची का, ते ठरवणारं सेटिंग) ‘लॅक्स’ असलेली सेशन कुकी सोबत येत नाही. ती ‘नन’ करावी लागते. ‘नन’ असलेली कुकी ‘सिक्युअर’ नसेल तर ब्राउझर नाकारतो. तुमची स्क्रिप्ट विनंतीला साधी समजून ‘सिक्युअर’ लावत नसेल, तर कुकीच बसत नाही, सेशन हरवतं आणि गिऱ्हाईक पैसे भरून लॉगिनच्या पानावर येतं. त्यामुळे चालू साइटवर ‘सेशन.कुकी_सिक्युअर’ कायम चालू ठेवा, ओळखीवर अवलंबून ठेवू नका.

लॉगिनच्या फॉर्मचा पत्ताही एचटीटीपीएसचाच हवा. पासवर्ड साध्या जोडणीने येऊन पोचल्यावर रीडायरेक्ट देण्यात अर्थ नाही.

एचएसटीएस (ब्राउझरने या साइटला एचटीटीपीएसच वापरावं, असं सांगणारा हेडर) सगळ्यात शेवटी, त्याची मुदत आधी ३०० सेकंद. आठवडाभर सुरळीत चाललं की ३१५३६०००, म्हणजे एक वर्ष. ‘इन्क्लूडसबडोमेन्स’ लावण्याआधी वेबमेल किंवा जुनं बिलिंग एखाद्या सबडोमेनवर साध्या जोडणीने चालत नाही ना, ते बघा.

## पायरी ७ : क्रॉनमधून जाणारे दुवे

रात्री चालणाऱ्या क्रॉनला (ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणाऱ्या सोयीला) ब्राउझर नसतो, म्हणून ‘एचटीटीपीएस’ नोंदही नसते आणि बुकिंगच्या मेलमधले दुवे साध्या ‘एचटीटीपी’ने जातात. दिवसा हाताने पाठवलेला मेल बरोबर, रात्रीचा चूक, म्हणून दोष सापडायला वेळ लागतो. साइटचा पूर्ण पत्ता कॉन्फिगमध्ये लिहून ठेवा. पासवर्ड बदलण्याचे दुवेही त्यातूनच बनवा; होस्ट हेडरमधून बनवले तर पत्ता समोरच्याच्या हातात जातो.

## पायरी ८ : कर्लने चार चाचण्या

ब्राउझर जुने रीडायरेक्ट लक्षात ठेवतो, म्हणून कर्ल (कमांड लाइनवरून विनंती पाठवणारं साधन) वापरा.

१. एचटीटीपीवरून मुखपृष्ठ, फक्त हेडर मागवून: एकच रीडायरेक्ट, एचटीटीपीएसकडे.

२. एचटीटीपीएसवरून तेच: थेट २०० (पान मिळालं). इथे रीडायरेक्ट दिसला तर चक्र आहे, तिसऱ्या पायरीवर परत जा.

३. एचटीटीपीवरून, सोबत ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’मध्ये ‘एचटीटीपीएस’ घालून: पहिल्या चाचणीसारखाच रीडायरेक्ट यायला हवा. २०० आलं तर खोटी चिठ्ठी चालतेय. हीच चाचणी उलटी करून, एचटीटीपीएसवर ‘एचटीटीपी’ची चिठ्ठी देऊनही बघा; तिथे २००च यायला हवं.

४. ‘रिझॉल्व्ह’ पर्यायाने सीडीएन टाळून थेट मूळ सर्व्हरवर, तीच खोटी चिठ्ठी घेऊन: फायरवॉल लावलेला असेल तर जोडणीच होणार नाही. नसेल तर किमान चिठ्ठी नाकारली जायला हवी.

होस्टिंग बदललं, सीडीएन लावलं किंवा काढलं, की या चारही चाचण्या त्याच दिवशी पुन्हा करा. हे बदल फेब्रुवारीच्या आत आटपा. पेट्या भरायला लागल्यावर सर्व्हरला हात लावू नका.